कोकणातील सुतारपक्ष्यांचे निरीक्षण : झाडावरील भोकांचा हिशेब कसा ठेवावा

उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागात, विशेषतः कॅलिफोर्नियात, सुतारपक्ष्याची एक जात वाळक्या खोडांत हजारो भोके पाडते आणि प्रत्येक भोकात ओक वृक्षाचे एकेक फळ ठोकून बसवते. या फळाला एकॉर्न म्हणतात आणि ते टोपी घातलेल्या लहानशा सुपारीसारखे दिसते. या पक्ष्याला त्यावरूनच एकॉर्न वुडपेकर हे नाव मिळाले असून त्याचे शास्त्रीय नाव मेलानर्पिस फॉर्मिसिव्होरस असे आहे. त्याच्या चित्रफिती पाहिल्यावर आपल्या आगरातील माडावर दिसणारी भोकेही अशीच कोठारे असतील काय, असा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. कोकणातील सुतारपक्ष्यांना कोठार करण्याची सवय नाही. मग ती भोके कशासाठी असतात, हे शोधण्याची रीत मात्र त्या अमेरिकन पक्ष्याच्या अभ्यासातूनच उत्तम शिकता येते, आणि या लेखात ती रीत आपल्या झाडांना लावून दाखवली आहे. तिचे मुख्य सूत्र असे की, पक्ष्यामागे धावू नये, झाड धरून बसावे.

कोठार म्हणजे नेमके काय

आधी खरे कोठार कसे असते ते नीट समजून घ्यावे, म्हणजे नुसत्या साम्यावरून फसगत होणार नाही. एकॉर्न वुडपेकर एकेकटा राहत नाही. अनेक पक्ष्यांचे कुटुंब एका परिसरावर हक्क सांगते, पिल्ले मिळून वाढवते आणि कोठाराचे झाडही मिळून सांभाळते. भोके बहुधा मेलेल्या फांद्यांत किंवा जाड, निर्जीव सालीत असतात, त्यामुळे जिवंत झाडाला त्यांचा फारसा उपद्रव होत नाही. एका पिढीने पाडलेली भोके पुढची पिढी वापरते, त्यांत भर घालते, आणि असे करता करता काही जुन्या झाडांवर भोकांची संख्या पन्नास हजारांच्या घरात जाते. लाकडी खांब, कुंपणाचे दांडे आणि घरांच्या लाकडी भिंतीही या कामातून सुटत नाहीत.

निरीक्षकाच्या दृष्टीने यापुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. साठवलेले फळ जसजसे वाळते तसतसे ते आकसते आणि भोकात सैल होते. सैल फळ खारीला किंवा दुसऱ्या पक्ष्याला सहज उपटता येते, म्हणून सुतारपक्षी ते काढून अधिक घट्ट बसेल अशा लहान भोकात हलवतो. फळ ठेवल्यावर काम संपत नाही. ते तपासणे, हलवणे आणि चोरांना हुसकावणे वर्षातील बराच काळ चालू असते. या पक्ष्याच्या रोजच्या आहारात कीटकांचाही मोठा वाटा असतो, पण हिवाळ्यात तग धरण्यासाठी आणि वसंतात वीण यशस्वी होण्यासाठी ही शिल्लक निर्णायक ठरते. ओकला फळे कमी आली तर कुटुंबाला जागा सोडून जाण्याचीही वेळ येते. कॅलिफोर्नियातील कार्मेल खोऱ्यात हेस्टिंग्ज नावाचे संशोधन-क्षेत्र आहे. तेथे १९६८ पासून या पक्ष्यांचा अभ्यास होत आला आहे. पक्ष्यांच्या पायांत रंगीत कड्या घालून, त्याच त्या झाडांकडे वर्षानुवर्षे परत जाऊन ही माहिती मिळवलेली आहे. एका फेरीत एखादे झाड पाहून यातले काहीही कळले नसते.

यावरून एक कसोटी तयार होते. पक्ष्याने अन्न दुसरीकडून आणले, ते खास जागी बसवले, न खाता सोडले, त्याची राखण केली आणि काही काळाने परत येऊन ते खाल्ले, एवढ्या सगळ्या गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या तरच साठवण सिद्ध होते.

आपल्याकडे तसे का होत नाही

पश्चिम घाटात आणि कोकणात ओक नैसर्गिकरीत्या उगवत नाही; आपल्या देशात त्याचे घर हिमालयात आहे. पण केवळ फळाचा अभाव हे कारण पुरेसे वाटत नाही, कारण काजू, सुपारी, जांभूळ, बिब्बा अशी बियांची रेलचेल येथेही असते. माझ्या मते हवामानाचा भाग मोठा असावा. कॅलिफोर्नियात उन्हाळा कोरडा असतो, फळे शरद ऋतूत पिकतात आणि पुढे थंडीचे टंचाईचे दिवस येतात. कोकणात मुंग्या, वाळवी आणि लाकडातील अळ्या वर्षभर मिळतात, आणि जूनपासून चार महिने कोसळणाऱ्या पावसात भोकात ठेवलेले बी बुरशीने कुजेल किंवा तेथेच रुजेल. ज्याला रोजचे अन्न रोज मिळते आणि ज्याची शिल्लक टिकणार नाही, त्याने कोठार बांधण्यात शक्ती का घालावी?

साठवणच पाहायची असेल तर, थोडे विषयांतर करून सांगतो, आपल्या कौलारू घरावरचा कावळा पाहावा. मिळालेला तुकडा कौलाखाली किंवा पन्हळीत खुपसून वर पानाचा कपटा ठेवण्याची त्याची सवय प्रसिद्ध आहे, आणि वर दिलेली कसोटी त्याच्यावर लावून पाहणे हा नवशिक्यासाठी उत्तम सराव आहे.

झाड निवडणे

कोकणात सर्वांत सहज दिसणारा सुतारपक्षी म्हणजे सोनपाठी सुतार. पाठ सोनेरी पिवळी, कंबर काळी, शेंडी लाल. माडांच्या आगरात, आमराईत आणि गावाच्या सीमेवरील वडा-पिंपळांवर तो राहतो. म्हणून सुरुवात दूरच्या जंगलात न करता घराजवळच्या आगरात करावी. ज्या झाडावर आधीपासून भोके आहेत, ज्याचा काही भाग वाळलेला आहे आणि ज्याच्याकडे पंधरवड्यातून एकदा तरी तुम्ही निश्चित जाऊ शकता, असे झाड निवडावे. शेंडा मोडलेला माड यासाठी फार चांगला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात माड-पोफळींच्या बागा मोठ्या प्रमाणावर मोडल्या. अशा वादळांनंतर मागे राहिलेले झावळांविना उभे सोट सुतारपक्ष्याला पोखरण्यास सोपे जातात.

माडाचा आणखी एक फायदा आहे. गळून पडलेल्या प्रत्येक झावळीचे वलय खोडावर कायम राहते. जमिनीपासून छातीइतक्या उंचीवरच्या एका वलयाला शून्य धरून वर मोजत गेले की प्रत्येक भोकाची जागा ‘चौतिसावे वलय, समुद्राकडील बाजू’ अशा नेमक्या शब्दांत लिहिता येते. चांगल्या वाढलेल्या माडाला वर्षाला साधारण बारा झावळ्या येतात, त्यामुळे खोडाचा कोणता भाग किती जुना आहे याचाही ढोबळ अंदाज त्यातून मिळतो. आंबा, फणस किंवा काजू यांच्या खडबडीत खोडावर ही सोय नाही. तेथे झाडाचे चारही दिशांनी फोटो काढून त्यांच्यावर भोकांना क्रमांक द्यावेत.

देवरहाटीतील, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानातील, जुने वृक्ष निवडणार असाल तर गावातील मानकऱ्यांना आधी विचारावे आणि पादत्राणे, ठरावीक दिवस, आत जाण्याची सीमा यांविषयी ते जे सांगतील ते पाळावे. फणसाड किंवा कर्नाळा अभयारण्यात वनविभागाचे नियम लागू होतात. खासगी आगरात तर मालकाची परवानगी हवीच, शिवाय माडावर चढणाऱ्या पाडेल्याशी ओळख करून घेतलेली बरी, कारण खोडाच्या वरच्या भागात काय आहे हे त्याच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

साहित्य आणि बैठक

आठ पट मोठे दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगांची दुर्बीण या कामास पुरते. त्याहून जास्त शक्तीची दुर्बीण हातात थरथरते आणि आगराच्या सावलीत प्रतिमा अंधारी होते. जाड पुठ्ठ्याची वही, पेन्सिल, मोजपट्टी, घड्याळ आणि आवाज नोंदवण्यासाठी मोबाइल एवढे जवळ असावे. शाईचे पेन नको. कोकणच्या दमट हवेत कागद ओलसर होतो आणि अक्षर पसरते.

झाडापासून वीस-पंचवीस मीटर अंतरावर, सूर्य पाठीशी ठेवून बसावे. माडाखाली मात्र कधीही बसू नये. नारळ आणि वाळकी झावळ पडण्याचा धोका खराच असतो, आणि मान वर करून दुर्बिणीत पाहत असलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. बसण्याआधी तांबड्या मुंग्यांची रांग आणि पाचोळ्यातील साप यांची खात्री करून घ्यावी. सकाळी उजाडल्यापासूनचे पहिले तीन तास उत्तम. संध्याकाळी सूर्यास्ताआधीचा तास पक्षी कोणत्या भोकात मुक्कामाला शिरतो हे पाहण्यासाठी राखून ठेवावा. महिन्यांचा विचार केला तर डिसेंबर ते मे हा काळ सोयीचा आहे. जानेवारीपासून खोडावर चोच बडवण्याचा आवाज वाढतो आणि फेब्रुवारीनंतर घरट्यांचे काम दिसू लागते.

भोके वाचणे

या कामाचा खरा रस येथे आहे आणि बहुतेक चुकाही येथेच होतात. झाडावरचे प्रत्येक भोक सुतारपक्ष्याचे नसते, आणि सुतारपक्ष्याचे प्रत्येक भोक घरटे नसते.

सर्वांत जास्त संख्येने दिसतात ते अन्न शोधताना पडलेले खड्डे. त्यांच्या कडा ओबडधोबड, खोली कमी, आकार वाकडातिकडा असतो, आणि आजूबाजूची साल उचकटलेली असते. आंब्याच्या खोडात भिरूड लागलेला असेल किंवा काजूच्या बुंध्यात खोडकिडा असेल, तर अळीच्या बोगद्याच्या रेषेवर असे खड्डे एकापुढे एक पडलेले दिसतात, आणि ती रांग पाहून कोठाराचा भास होण्याची शक्यता असते. फरक असा की कोठाराची भोके एका मापाची, फळाच्या जाडीला बेतलेली असतात. खड्ड्यांना माप नसते, कारण पक्षी अळी सापडेपर्यंत खणतो आणि सापडली की थांबतो.

घरट्याचे भोक गोल, कडा साफ, आणि आत थोडे आडवे जाऊन खाली वळलेले असते. काम चालू असताना बुंध्याशी ताज्या, फिकट ढलप्या पडतात. त्या दोन-तीन दिवसांनी काळवंडतात, म्हणून ढलप्यांचा रंग रोज टिपावा. कोकणात मिळणारा एक अगदी लहान सुतारपक्षी, तपकिरी टोपीचा आणि जेमतेम चिमणीएवढा, चार सेंटीमीटरच्या आसपास रुंदीचे भोक वाळक्या बारीक फांदीत पाडतो. दुसऱ्या टोकाला सिंधुदुर्गच्या घाटपायथ्याच्या रानांत पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतार आहे, त्याची लांबी जवळजवळ अठ्ठेचाळीस सेंटीमीटर असते आणि त्याला तितकेच जाडजूड, जुने खोड लागते.

तांबूस सुतार मात्र या हिशेबात बसत नाही. तो आपले घरटे बहुधा झाडावरील काळ्या मुंग्यांच्या वारुळात करतो. मुंग्यांनी चघळलेल्या लाकूडपाल्याच्या लगद्याचे ते वारूळ फांदीला गोळ्यासारखे चिकटलेले असते. मुंग्या नांदत असतानाच तो त्यात पोकळी कोरतो आणि अंडी घालतो. तेव्हा अशा गोळ्यावर गोल भोक दिसले तर ते तुटलेले वारूळ समजून पुढे जाऊ नये. तेथे अर्धा तास बसावे.

आता सुतारपक्ष्याशी संबंध नसलेली भोके. तांबट आणि कुटुर्गा हे पक्षीही मऊ, सडक्या फांदीत स्वच्छ गोल भोक पाडतात, आणि पक्षी पाहिल्याशिवाय ते कोणाचे हे ठरवणे जवळजवळ अशक्य असते. कोरड्या वाशांत आणि मेलेल्या फांद्यांत बोटाच्या जाडीचे, अगदी वर्तुळाकार भोक आणि खाली पिवळसर भुसा दिसला तर ते काळ्या भुंग्याचे काम आहे. लाकडातून बाहेर पडलेल्या भुंगेऱ्यांची भोके त्याहून बारीक असतात. काही ठिकाणी माडावर चढण्यासाठी पाडलेल्या खाचा असतात. त्या ठरावीक अंतराने, आलटून पालटून दोन बाजूंना असल्यामुळे लगेच ओळखता येतात.

सुतारपक्ष्याने सोडलेले घरटे फार काळ रिकामे राहत नाही. मैना, पोपट, दयाळ, पिंगळा यांपैकी कोणी ना कोणी ते धरतो. म्हणून ‘भोकातून पोपट बाहेर आला’ एवढ्यावरून भोक पोपटाचे असे लिहू नये. भोक कोणी पाडले आणि सध्या त्यात कोण राहते हे दोन वेगळे रकाने ठेवावेत.

नोंद कशी करावी

वहीत प्रत्येक झाडाला एक पान आणि प्रत्येक भोकाला एक क्रमांक द्यावा. बैठक अर्ध्या तासाची धरून, दर मिनिटाला झाडाकडे पाहून त्या क्षणी पक्षी काय करत आहे ते एका अक्षराने लिहावे: ठोकत असेल तर ‘ठ’, साल उचकटत असेल तर ‘स’, खात असेल तर ‘ख’, भोकाच्या तोंडाशी असेल तर ‘भ’, नुसता बसला असेल तर ‘ब’, झाडावर नसेल तर शून्य. हा शून्य लिहायला माणूस कंटाळतो, पण पक्षी किती वेळ नव्हता हे कळल्याशिवाय किती वेळ होता याला अर्थ राहत नाही. दर मिनिटाच्या अक्षराखेरीज विशेष घटना वेगळ्या ओळीत, वेळेसह लिहाव्यात: नर-मादीची अदलाबदल, खारीला हुसकावणे, चोचीत काही घेऊन येणे.

नर आणि मादी ओळखता येणे आवश्यक आहे, कारण कड्या घालण्याचे काम परवानगी असलेल्या प्रशिक्षित संशोधकांचेच असते आणि आपल्याला पिसांवरच भागवावे लागते. सोनपाठी नराचे कपाळापासून शेंडीपर्यंत डोके लाल असते. मादीचे कपाळ काळे, त्यावर पांढरे ठिपके, आणि फक्त मागची शेंडी लाल. तांबूस सुताराच्या नराच्या डोळ्याखाली लाल डाग असतो. मोठ्या काळ्या सुताराच्या मादीच्या डोक्याचा केवळ मागचा भाग लाल असतो.

प्रत्येक नोंदीपुढे ती ‘पाहिले’ की ‘अनुमान’ हे लिहिण्याची शिस्त पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पक्षी भोकात डोके घालून बाहेर आला, हे पाहिलेले असते. त्याने पिलाला भरवले, हे बहुतेक वेळा अनुमान असते, जोवर चोचीतील अळी आत जाताना आणि चोच रिकामी बाहेर येताना दिसत नाही.

भोकात बी सापडले तर

मार्च ते मे या काजूच्या हंगामात एखाद्या खोडाच्या फटीत काजूची बी किंवा इतर फळाची आठळी अडकलेली दिसू शकते, आणि तेव्हा उत्साहाला आवर घालणे कठीण जाते. बी हलवू नये. प्रथम त्या जागेच्या वर काय आहे ते पाहावे. वरच्या फांदीवर वटवाघळे फळे खात असतील तर बी आपोआप पडून अडकलेली असू शकते. नंतर बीवरच्या खुणा दुर्बिणीतून पाहाव्यात. कुरतडल्याच्या समांतर रेषा असतील तर खार किंवा उंदीर, चोचीचे टोचे असतील तर पक्षी. पक्षी असला तरी त्याने ती फटीत फोडण्यासाठी घट्ट धरवली असण्याची शक्यता साठवणीपेक्षा जास्त आहे. फोडण्याच्या जागी तुकडे आणि टरफले साचलेली दिसतात, आणि एकच फट पुन्हा पुन्हा वापरली जाते.

एवढ्यानेही उलगडा झाला नाही तर रोज एकाच जागेवरून, एकाच वेळी फोटो घ्यावा आणि बैठका वाढवाव्यात. बी किती दिवस राहिली, कोणी हात लावला, कोणी हुसकावले, शेवटी कोणी खाल्ली, या चारही प्रश्नांची पाहिलेली उत्तरे वहीत येईपर्यंत ‘साठवण’ हा शब्द लिहू नये. ती उत्तरे खरोखरच आली तर ती नोंद असाधारण ठरेल, आणि म्हणूनच तिच्यासोबत चित्रफीत असलीच पाहिजे.

बागायतदाराचे म्हणणे

सुतारपक्षी माड मारतो, अशी तक्रार आगरात ऐकू येते. ती उडवून लावू नये. झाड दाखवण्यास सांगावे. जिवंत माडाच्या खोडावर पक्षी वारंवार एकाच जागी ठोकत असेल, तर त्या जागी तांबूस-तपकिरी रस गळतो का, चघळलेला काथ्या बाहेर आला आहे का, हे पाहावे, कारण ती सोंड्या भुंग्याची लक्षणे आहेत आणि अशा वेळी पक्षी बहुधा अळीच्या मागावर असतो. शंका आल्यास सहायक कृषी अधिकाऱ्याला (पूर्वीच्या कृषी सहायकाला) दाखवावे. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्रातही माडाच्या किडींविषयी सल्ला मिळू शकतो.

मेलेले माड पक्ष्यांसाठी उभे ठेवा, असा सरसकट आग्रह मात्र मी धरणार नाही. कुजणाऱ्या माडाच्या खोडात गेंडा भुंगा वाढतो आणि तो शेजारच्या नव्या रोपांचे कोंब खातो, ही बागायतदाराची भीती रास्त आहे. त्यापेक्षा आंबा, सावर किंवा पांगारा यांची वाळकी फांदी, वाट किंवा घर यांवर पडण्यासारखी नसेल तर, तोडू नये अशी विनंती करावी. सावर आणि पांगारा फुलले की त्यांच्या मधासाठीही सुतारपक्षी येतात, म्हणजे एकाच झाडावर दोन प्रकारच्या नोंदी मिळतात.

काय टाळावे, नोंद कोठे द्यावी

विणीच्या काळात मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नये; तो प्रतिस्पर्धी समजून घरटे सोडून धावत येतो आणि अंडी उघडी पडतात. भोकात काठी, कॅमेऱ्याची नळी किंवा प्रकाशझोत घालू नये. पक्षी मान ताठ करून खोडाच्या मागे सरकत असेल किंवा चोचीत अन्न असूनही भोकाकडे येत नसेल, तर आपण फार जवळ बसलो आहोत असे समजून मागे हटावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घरट्याला किंवा अंड्यांना इजा करणे गुन्हा आहे.

महिन्याच्या शेवटी वहीतील नोंदी ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर चढवाव्यात आणि केवळ जातीचे नाव न लिहिता झाडाची जात, भोकाची उंची आणि वर्तन टिपणाच्या रकान्यात लिहावे. मोठ्या काळ्या सुताराच्या चालू घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नये. तालुक्याचे नाव पुरेसे असते. पावसाळ्यात बैठका कमी झाल्या तरी उघडीप मिळेल तेव्हा झाडाचे फोटो घेत राहावे, कारण ओल्या लाकडावर बुरशी कोठे धरते हे त्याच काळात दिसते, आणि पुढच्या हंगामातील नवे भोक बहुधा त्या मऊ पडलेल्या भागात शोधावे लागते.